पाळीव उंदराच्या नाकातलं लाल ‘रक्त’

पाळलेल्या उंदराच्या नाकाशी किंवा डोळ्याच्या कोपऱ्यात लालसर डाग दिसला की पोटात गोळा येतो. पण ते बहुधा रक्त नसतं. ते पॉर्फिरिन, म्हणजे डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारा लाल स्राव. ताण किंवा आजारपण असलं की तो वाढतो. ओल्या कापसाने पुसा आणि पुन्हा येतो का ते पाहा.

आजार आहे का, याची खरी परीक्षा कानाने. उंदीर शांत असताना त्याची पाठ-छाती अलगद कानाला लावा. निरोगी उंदराचा श्वास जवळजवळ ऐकूच येत नाही. घरघर, टकटक किंवा शिट्टीसारखा आवाज आला तर दोन दिवसांत डॉक्टर गाठा. कुशी भात्यासारख्या हलत असतील किंवा तो तोंड उघडून श्वास घेत असेल तर त्याच दिवशी, कारण उंदीर एरवी नाकानेच श्वास घेतो.

श्वासाच्या या त्रासाचं मूळ बहुतेकदा मायकोप्लाझ्मा नावाचा जिवाणू. त्याला पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीचं कवचच नसतं, आणि अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक त्या कवचावरच घाव घालतं; म्हणून घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन त्यावर चालत नाही. डॉक्टर सहसा डॉक्सिसायक्लिन, एन्रोफ्लॉक्सासिन किंवा दोन्ही देतात. डोस वजनावर ठरतो, तेव्हा किचनच्या काट्यावर वजन करून न्या. औषध दह्यादुधात कालवू नका, कॅल्शियममुळे ते नीट शोषलं जात नाही. आवाज थांबला तरी कोर्स अर्धवट सोडू नका.

आणि पिंजरा हुंगा. मुताचा उग्र वास तुमच्या नाकाला झोंबतोय? त्या अमोनियात तो दिवसरात्र राहतो. पाइन-देवदाराचा भुसा काढून कागदाचे कपटे घाला.