उन्हाळी टोमॅटो : फवारणीचा पंप पाठीला लावण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात दुपारी दोन वाजता टोमॅटोच्या प्लॉटमध्ये जाऊन उभं राहणं हे काही शहाण्या माणसाचं काम नाही. पण उन्हाळी टोमॅटोचं दुखणं याच वेळी दिसतं. सकाळी सातला तोच प्लॉट बघा, टवटवीत असतो. दुपारी माना टाकलेल्या असतात, पानं गुंडाळलेली असतात, फुलं खाली पडलेली असतात. मग आपण दुकानात जातो, काउंटरवर झाडाची फांदी ठेवतो आणि दोन-तीन हजारांच्या बाटल्या घेऊन परत येतो. यातल्या निम्म्या बाटल्या कशासाठी आणल्या हे आठ दिवसांनी आपल्यालाही सांगता येत नाही.

आपल्या नाशिकचा टोमॅटो मुळात पावसाळी. जून ते ऑगस्ट लागवड करायची आणि दिवाळीच्या आगेमागे पिंपळगाव बसवंत नाहीतर गिरणाऱ्याच्या बाजारात जाळ्या (क्रेट) उतरवायच्या, हे आपल्याला झोपेतही जमतं. उन्हाळी माल म्हटला की नारायणगाव. पण आता दिंडोरी, निफाड, सिन्नरकडेही लोक उन्हाळी प्लॉट धरतात, मीही धरतो. आणि सगळ्यांची (माझीही) पहिली चूक एकच, पावसाळ्याच्या सवयी उन्हाळ्यात तशाच नेतो.

तारीख भावाकडे बघून ठरवणं

२०२३ च्या जुलैत टोमॅटो किरकोळीला शंभरीच्या वर गेला आणि तेव्हापासून प्रत्येकाला जुलैत माल काढायचा आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात भाव एवढे कोसळले की तोडणीची मजुरी सुटेना, ते मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

मोजायचं फुलाकडून. रोप लावल्यावर साधारण २५ ते ३० दिवसांत फूल दिसतं आणि पहिला तोडा ६५-७० दिवसांनी येतो. जानेवारीच्या शेवटी लावलं तर खालचे तीन-चार घोस फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये सेट होतात, म्हणजे फुलाचं फळ धरतं, तेव्हा रात्री गार असतात. तेच मार्चच्या अखेरीस लावलं तर फुलोरा बरोबर एप्रिलअखेर आणि मेमध्ये सापडतो. दिवसाचा पारा ३५ च्या वर आणि रात्रीचा २२-२४ च्या वर राहिला की परागकण नीट तयार होत नाहीत. दिवसाच्या उन्हाचं आपण बोलतो, पण सेटिंगला रात्रीची उष्णता जास्त मारते. उशिरा लावायचंच असेल तर मधले दोन-तीन घोस जाणार हे धरून हिशेब मांडा आणि वाण उन्हाळ्यात सेट होणारं घ्या. मागच्या पावसाळ्यात एकरी भरघोस निघालेलं वाण उन्हाळ्यात नुसतं हिरवंगार झुडूप होऊन बसलेलं मी माझ्याच शेतात पाहिलंय.

विहिरीचाही हिशेब आधीच करायचा. पाच फुटी बेडवर दीड फुटावर रोप म्हणजे एकरी ५,८०० झाडं. भर वाढीत, मेच्या उन्हात झाडाला रोज तीन-चार लिटर धरा. म्हणजे एकराला रोज वीस हजार लिटरच्या आसपास. विहीर आज किती देते याला अर्थ नाही, गेल्या वर्षी अक्षय तृतीयेला किती देत होती ते आठवा.

लागवडीच्या दिवशीचा चटका

रोपं लावून चार दिवस झाले की काही रोपं आडवी पडतात. बुंध्याशी बघितलं तर खोड सुतळीएवढं बारीक आणि तपकिरी झालेलं असतं. आपण म्हणतो मर आली आणि बुरशीनाशकाची आळवणी करतो, म्हणजे ते पाण्यात कालवून बुंध्याशी ओततो. खाली बसून नीट बघा. खोड बारीक झालंय ते मातीच्या आत की बरोबर मल्चिंग पेपरच्या (बेडवर अंथरलेल्या प्लास्टिकच्या) उंचीवर? पेपरच्या उंचीवर असेल तर ती बुरशी नाही. पेपरखालची तापलेली हवा भोकातून वाफेसारखी बाहेर पडते आणि कोवळं खोड भाजून काढते. त्यात रोप वाऱ्याने हलून पेपरच्या गरम कडेला टेकलं की संपलंच.

उपाय फुकटचा आहे. लागवड चारनंतर करायची, बेड आदल्या दिवशी भिजवून गार करायचा, आणि रोप लावलं की भोकाच्या कडेवर मूठभर माती टाकून ते बंद करायचं. पेपरची चंदेरी बाजू वर ठेवायची. काळी बाजू वर अंथरून बसलेला एक जण दरवर्षी भेटतोच.

पाणी : कमी नाही, चुकीच्या वेळी

यावर जरा जास्त लिहितो, कारण निम्मी दुखणी इथून सुरू होतात.

आमचे दाजी निफाडकडचे, काळीभोर जमीन. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला, झाडं दुपारी सुकतात, पाणी वाढवलं तरी सुकतात. गेलो. म्हटलं, "दाजी, माती बघितली का?" म्हणाले, "माती काय बघायची, ठिबक तीन तास चालू असतं!" पेपर फाडून हात घातला. मुठीत दाबली तर बोटांच्या फटीतून पाणी आलं. मुळं उपटून पाहिली, पांढरी एकही नाही, सगळी तपकिरी. झाड तहानेने सुकत नव्हतं, मुळांना हवा मिळत नव्हती म्हणून सुकत होतं. दाजी जेवढं पाणी वाढवत होते तेवढं ते जास्त सुकत होतं. दोन दिवस ठिबक बंद ठेवलं, नंतर सकाळी आणि संध्याकाळी थोडं थोडं सुरू केलं. आठवड्याने नवी पांढरी मुळं दिसली.

मूठ हेच आपलं यंत्र. पेपरखाली चार बोटं खोल माती घ्यायची आणि दाबायची. गोळा झाला आणि वरून टाकल्यावर फुटला तर वाफसा आहे, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही आहे. पाणी निघालं तर थांबा. गोळाच झाला नाही तर उशीर झालाय.

आता दुसरी बाजू. शेतीपंपाला रात्रीची लाइट असलेल्या आठवड्यात आपण एकदाच भरपूर सोडून मोकळे होतो आणि दिवसाच्या आठवड्यात रोज सोडतो. झाडाला कधी पूर, कधी दुष्काळ. याची पावती आपल्याला फळाच्या बुडावर मिळते. टोमॅटोचं बूड काळं, चपटं, चामड्यासारखं होतं. दुकानदार म्हणतो कॅल्शियम कमी आहे, आणि ते खोटंही नाही. पण आपल्या जमिनीत कॅल्शियम सहसा भरपूर असतं. ते पाण्याबरोबर वर चढतं, पाण्याचा प्रवाह तुटला की फळापर्यंत पोचत नाही. कडक उन्हात पानं बाष्पीभवनाने सगळं पाणी आपल्याकडे ओढतात आणि फळ मागे राहतं. पानावर मारलेलं कॅल्शियम पानातून फळात जवळजवळ जात नाही, त्यामुळे फवारणीवर भरवसा ठेवू नका. जमेल तर मोटरचा ऑटो स्टार्टर आणि टाकीचा उपयोग करून पाणी दोन-तीन हप्त्यांत विभागा. वाढीच्या नादात युरिया आणि अमोनियमवाली खतं ओतणंही थांबवा, कारण त्यानेही कॅल्शियम अडतं. आणि कॅल्शियम नायट्रेट ठिबकमधून द्यायचं तर एकटंच द्या. फॉस्फरस किंवा सल्फेटवाल्या खताबरोबर एकाच टाकीत कालवलं तर पांढरा साका तळाशी बसतो आणि ड्रिपर बंद पडतात. मग 'या ओळीचीच झाडं का सुकतात' हा शोध सुरू होतो.

भर दुपारी ठिबक सुरू करावंच लागलं तर पहिली काही मिनिटं नळीतून येणारं पाणी हातावर घेऊन बघा. उन्हात पडलेल्या काळ्या नळीतलं पाणी चहासारखं गरम असतं.

फूलगळ आणि आपली घाई

फूल गळायला लागलं की दांडीवरच्या मधल्या सांध्याकडे बघा. आधी तिथे पिवळं होतं, मग हलका धक्का लागला तरी तिथूनच तुटतं. एक उघडं फूल हातात घ्या. पिवळ्या पुंकेसरांचा शंकू असतो, त्याच्या आत स्त्रीकेसर झाकलेला हवा. उष्णतेत तो शंकूच्या बाहेर डोकावतो. टोमॅटो स्वतःच्याच परागावर सेट होतो, त्यामुळे स्त्रीकेसर बाहेर आला की पराग त्याच्यावर पडतच नाही. हे दिसलं की समजायचं, बोरॉन (एक सूक्ष्म अन्नद्रव्य) कमी नाही, हवा गरम आहे.

मी दोन वर्षांपूर्वी हे न बघता एका आठवड्यात सूक्ष्म अन्नद्रव्य, संजीवक (वाढीचं संप्रेरक) आणि अमिनो (अमिनो आम्लाचं टॉनिक) असं तिन्ही मारलं. फूल गळतच राहिलं. मग वळवाचा एक पाऊस झाला, चार रात्री गार गेल्या आणि पुढचा घोस आपोआप धरला. श्रेय मात्र मी बरेच दिवस अमिनोलाच देत होतो. संजीवकाची मात्रा थोडी जरी जास्त झाली तरी पानं वेडीवाकडी होतात आणि मग विषाणू आला म्हणून पुन्हा दुकान.

करण्यासारखं एवढंच : वाफसा ठेवा, नत्र आवरा, आणि सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास, ऊन चढायच्या आत, मांडवाच्या तारांना काठीने हलके ठोके द्या. पराग झडायला मदत होते. पोरांना हे काम आवडतंही.

पान गुंडाळलं म्हणजे व्हायरस नव्हे, पण व्हायरस असेल तर

खालची जुनी पानं नळीसारखी वर गुंडाळलेली, जाडसर, पण हिरवीच, आणि शेंडा चांगला चाललेला, तर ते उन्हाचं. झाड आपलं पाणी वाचवतंय. शेंड्याची पानंच बारीक, वर वळलेली, कडेने पिवळी आणि झाड खुजं राहिलेलं, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला पर्णगुच्छ, आपण कोकडा म्हणतो तो. पानं दोरीसारखी अरुंद झाली तर मावा आणतो तो काकडीचा मोझॅक विषाणू असू शकतो. २०२० च्या उन्हाळ्यात जुन्नर-संगमनेरपासून आपल्यापर्यंत फळांवर लाल-पिवळे पट्टे पडले आणि 'तिरंगा' नावाने गाजले, तेव्हा तपासणीत याच विषाणूचं नाव पुढे आलं होतं.

विषाणूवर औषध नाही. जो कुणी 'व्हायरसचं किट' देतो त्याला हात जोडा. पहिल्या महिन्यात दिसलेलं झाड पिशवीत घालून बाहेर काढा. खरं काम त्याच्या आधीचं आहे : कीडरोधक जाळीच्या आत वाढवलेलं नर्सरीचं रोप, लागवडीआधी चहूबाजूंनी मक्याच्या दोन-तीन दाट ओळी, पहिले वीसेक दिवस क्रॉप कव्हर, म्हणजे रोपांवर पातळ कापडाचं आच्छादन (फूल दिसायच्या आत काढायचं, नाहीतर आत भट्टी होते), माशीला पिवळे आणि फुलकिड्यांना निळे चिकट सापळे. अर्का रक्षकसारखी सहनशील वाणं मिळतात, पण सहनशील म्हणजे अमर नव्हे.

फवारणीचं थोडक्यात. दुपारी मारू नका. गंधक ३५ च्या वर पारा असताना मारलं तर पान भाजतं. पाच बाटल्या एका पंपात कालवू नका. आणि स्वस्त पडतं म्हणून सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक वारंवार मारलं तर लाल कोळी (पानाचा रस शोषणारी बारीक कीड) खाणारे मित्रकीटक मरतात, कोळी राहतो. उन्हाळ्यात त्याचं फावतंच.

पानं काढून फळाला ऊन दाखवणं

पावसाळ्यात हवा खेळावी म्हणून आपण खालची पानं सपासप काढतो. उन्हाळ्यात तसं केलं की नैर्ऋत्येकडच्या फळांवर पांढरा, कागदासारखा डाग पडतो आणि जाळी दुसऱ्या नंबरात जाते. मातीला टेकलेली आणि रोगट पानं काढा, फळावरची छत्री राहू द्या.

रंगाचंही तसंच. फळ ३०-३२ अंशांच्या वर तापलं की लाल रंगद्रव्य बनत नाही, पिवळसर नारिंगी राहतं. लाल व्हायची वाट बघत झाडावर ठेवलं तर मऊ होतं, लाल होत नाही. मी बुडाला गुलाबी झाक आली की सकाळी नऊच्या आत तोडतो आणि जाळ्या कडुलिंबाखाली ठेवतो. पटत नसेल तर दोन फळं ओटीवर सावलीत ठेवून बघा आणि दोन झाडावर. ओटीवरची आधी लाल होतात. आणि पिंपळगावला गाडीची रांग लांब असेल तर वर ताडपत्री घट्ट बांधू नका, हवा जाऊ द्या.

संपलेला प्लॉट उभा ठेवणं

शेवटचा तोडा झाला, भाव पडला, मजूर नाही. प्लॉट तसाच उभा. ठिबक काढलेलं, पण झाडं हिरवी, त्यावर पांढरी माशी आणि नागअळी (पान आतून पोखरणारी अळी), आणि बांधापलीकडे जूनच्या लागवडीसाठी कुणीतरी टाकलेली रोपं. गेल्या साली तो बांध माझा होता आणि रोपं चुलतभावाची. पंधरा दिवस त्याने तोंडाने काही म्हटलं नाही. मग एका सकाळी ट्रॅक्टर घेऊन आला, म्हणाला, "अण्णा, रोटर (रोटाव्हेटर) मी मारून देतो, डिझेल तुमचं."

डिझेल दिलं.