क्लोरोप्लास्टमधला 'उलटा' तुकडा: माझा अनुभव

नागपुरी संत्रा आणि मोसंबी, दोघांचे क्लोरोप्लास्ट जीनोम (पानातल्या हरितलवकाचा स्वतःचा गोल डीएनए) शेजारी ठेवून फरक बघायचे होते. नागपूरचा मे महिना, कूलर घरघरतोय, आणि माफ्ट या प्रोग्रॅमची अलाइनमेंट (दोन्ही क्रमांची जुळणी) उघडून मी चाट! जवळपास 18 हजार बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) पट्टा जुळेचना. क्षणभर वाटलं, मोठं इन्व्हर्जन (डीएनएचा उलटा फिरलेला तुकडा) सापडलं, पेपर पक्का.

मग मोसंबीची मापं कागदावर मांडली. एकूण 1,60,129 बेस. मोठा सिंगल कॉपी (एकदाच येणारा) भाग 87,744, लहान 18,393, आणि दोन उलटे रिपीट (एकच क्रम, उलटसुलट दिशांना दोनदा) प्रत्येकी 26,996. न जुळणारा पट्टा नेमका लहान भागाएवढा. तिथंच ट्यूब पेटली. दोन्ही रिपीट सारखेच, त्यामुळे ते आपसात जुळतात आणि त्यांच्या मधला लहान भाग पलटतो. एकाच झाडात दोन्ही रूपं असतात. संशोधक पामर यांनी 1983 मध्येच घेवड्यात हे दाखवलंय. जीनोम जोडून देणारा गेटऑर्गनेल प्रोग्रॅम म्हणूनच दोन फाइली देतो, प्रत्येक रूपाची एक. मी पहिलीच उचलली होती, न बघता.

घाईत आधी अख्खा जीनोमच रिव्हर्स-कॉम्प्लिमेंट केला (म्हणजे उलटा करून समोरच्या धाग्याचा क्रम घेतला), तो वेडेपणा. मग खूण म्हणून लहान भागातला एनडीएच-एफ जीन शोधला. संत्रा आणि मोसंबीच्या फाइलींत तो लहान भागाच्या विरुद्ध टोकांना निघाला. गेटऑर्गनेलची दुसरी फाइल घेतली, दोन्ही जीनोमची सुरुवात मोठ्या भागाच्या पहिल्या बेसपासून केली. दुसरी फाइल हाताशी नसेल तर फक्त तो लहान तुकडा पलटायचा.

आता गॅप उरल्यात त्या बहुतेक दोन जीनांमधल्या मोकळ्या जागांत. पेपरचं इन्व्हर्जन मात्र गेलं.