समुद्री नमुन्यातून क्षारसहिष्णू जिवाणू वेगळे करताना

क्षारप्रिय जिवाणूला मीठ लागतेच. क्षारसहिष्णू जिवाणू मिठाविनाही वाढतो आणि भरपूर मिठातही तग धरतो. त्यामुळे १० टक्के मिठाच्या प्लेटवर (पोषक माध्यमाच्या तबकडीवर) वसाहत, म्हणजे जिवाणूंचा डोळ्यांना दिसणारा पुंजका, आली, एवढ्यावरून ती क्षारसहिष्णू ठरत नाही.

पाणी किंवा गाळ निर्जंतुक बाटलीत घ्या, बर्फाच्या पेटीत ठेवा (गोठवू नका) आणि शक्यतो त्याच दिवशी वापरा.

माध्यमासाठी पेप्टोन ५ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ३ ग्रॅम आणि मीठ १०० ग्रॅम सुमारे ८०० मिली पाण्यात विरघळवून मग १ लिटर करा. थेट लिटरभर पाण्यात मीठ टाकले, तर आकारमान वाढते आणि टक्केवारी चुकते. पीएच ७.२ ते ७.४ वर आणून २० ग्रॅम आगर (माध्यम घट्ट करणारा पदार्थ) घाला. इतक्या मिठात १५ ग्रॅमने प्लेट मऊ राहू शकते. १२१ अंशांवर १५ मिनिटे ऑटोक्लेव्ह करा (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करा). तयार न्यूट्रियंट आगर वापरत असाल, तर त्यात बहुधा आधीच ०.५ टक्के मीठ असते. ते हिशेबात धरा.

१० ग्रॅम गाळ ९० मिली निर्जंतुक, ३ टक्के मिठाच्या पाण्यात हलवा आणि त्याच पाण्यात दहापटीने १०⁻⁴ पर्यंत (दहा हजारपट) विरलन करा, म्हणजे पातळ करत जा. इथे डिस्टिल्ड वॉटर वापरणे ही सर्वात महागात पडणारी चूक: समुद्री पेशी त्यात फुगून फुटतात आणि प्लेट उगाच रिकामी दिसते. प्रत्येक विरलनाचे ०.१ मिली पसरवा. एक प्लेट तुलनेसाठी नमुन्याविना ठेवा.

३० अंशांवर किमान ७ दिवस थांबा. प्लेटा पिशवीत बंद ठेवा, नाहीतर पाणी उडते, मिठाचे प्रमाण चढते आणि पृष्ठभागावर स्फटिक येतात. नवख्या डोळ्याला हे स्फटिक वसाहतीच वाटतात. शंका आली तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.

वेगवेगळ्या दिसणाऱ्या वसाहती तीनदा रेघून (नव्या प्लेटवर रेघा ओढून पसरवून) शुद्ध करा. मग खरी चाचणी: ०, ३, ५, १०, १५ टक्के मिठाचे द्रव माध्यम. शून्याच्या नळीत लूपबरोबर (जिवाणू उचलायच्या तारेच्या कडीबरोबर) मीठ जातेच, म्हणून तिथली वाढ पुन्हा मीठविरहित माध्यमात टाकून पाहा. दुसऱ्यांदाही वाढली, तरच तिला क्षारसहिष्णू म्हणा. वरच्या टोकाला मात्र घाई नको, कारण १५ टक्क्यांत वाढ सुरू व्हायलाच काही दिवस लागू शकतात.

साठवणीचे २० टक्के ग्लिसरॉल त्या जिवाणूच्या नेहमीच्या मिठाच्या माध्यमातच मिसळा आणि उणे ८० अंशांवर ठेवा. समुद्री नमुन्यात व्हिब्रिओ गटातले रोगकारक जिवाणूही असू शकतात, म्हणून हातमोजे घाला आणि प्रत्येक प्लेट ऑटोक्लेव्ह करूनच टाका.