गुडघा नवा, पाऊल बधिर: पहिले सहा आठवडे

गुडघा बदलल्यावर व्यायाम करताना दुखणं हाच अंदाज असतो: किती ताणायचं, कुठे थांबायचं. पण साखरेमुळे ज्याच्या पायाला मुंग्या येतात, चप्पल निसटली तरी कळत नाही, त्याचा गुडघा ओरडतो आणि पाऊल गप्प राहतं. त्या पावलाची खबर डोळ्यांनीच घ्यावी लागते.

जखम बहुधा टाचेला होते, तीही अंथरुणात पडल्या पडल्या. तासन्‌तास टेकलेली टाच आधी लाल होते, मग काळपट. उशी पोटरीखाली अशी सरकवा की टाच अधांतरी राहील. गुडघ्याखाली उशी नको; बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो. झोळ पडलेल्या बाजेवरही तेच होतं, शिवाय उठताना गुडघ्यावर सगळा भार येतो. घट्ट गादीचा, बसल्यावर पाय जमिनीला पुरते टेकतील इतका उंच पलंग हवा. सकाळ-संध्याकाळ टाचा, तळवे आणि बोटांच्या बेचक्या घरच्या कुणीतरी उजेडात बघाव्यात.

बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळून फक्त गुडघ्यावर, 15 मिनिटं, मोबाइलला गजर लावून. मध्येच एकदा कातडी बघा. पांढरी पडली किंवा डाग दिसले तर लगेच काढा. शेकाच्या बाबतीत घरातली म्हातारी माणसं ऐकत नाहीत, तरी रुईची तापवलेली पानं, विटेचा शेक, बिबा यांना ठाम नाही म्हणा. फोड येईल आणि कळणार नाही. टाके असताना तेल-मालिशही नको. आंघोळीचं पाणी दुसऱ्याने कोपराने तपासावं, कारण तुमचे हातही बधिर असू शकतात.

टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर लागेल. छेद घेताना तिथली बारीक नस कापली जाते; न्यूरोपॅथी, म्हणजे साखरेमुळे नसांना झालेली इजा, वाढली असं नाही. पाऊल वर उचलताच येत नसेल तर मात्र त्याच दिवशी सर्जनला कळवा. ऑपरेशनआधी पाऊल किती उचललं जात होतं ते लिहून ठेवलेलं असलं तर फरक लगेच कळतो.

जागेपणी दर तासाला घोटा 10-15 वेळा वर-खाली करा. मांडी आवळून 5 सेकंद धरणं, 10 वेळा, दिवसातून तीनदा. टाच सरकवत गुडघा वाकवण्याच्या व्यायामात टाचेला फोड येतो, म्हणून मोजा घालून खाली गुळगुळीत प्लास्टिक पसरा. तो मोजा घालून चालू मात्र नका, घसराल. साधारण दोन आठवड्यांत 90 अंशांच्या आसपास वाकणं अपेक्षित असतं.

अंथरुणातून उठताना काठावर दोन मिनिटं बसा; न्यूरोपॅथीत उभं राहताच रक्तदाब घसरू शकतो. प्रीगाबालिन (नसांच्या दुखण्यावरचं औषध) आणि दुखण्याच्या काही गोळ्या मिळून झापड येते. चक्कर वाढली तर डॉक्टरांना सांगा, प्रीगाबालिन मनानेच एकदम बंद करू नका. पाऊल कुठे पडतंय हे अंधारात समजत नाही, आणि लाइट रात्रीच जाते. संडासापर्यंतच्या वाटेवर बॅटरीचा दिवा ठेवा.

घरातही बंद, मागून पट्ट्याचे बूट घाला. पायाला सूज असते, म्हणून जरा मोठे घ्या. घालण्याआधी आत हात फिरवा, बाभळीचा काटा निघू शकतो. मे महिन्यात अंगणातली फरशी अनवाणी पावलाला भाजून काढते.

पोटरीचा घेर रोज एकाच जागी टेपने मोजा. अचानक वाढला तर दवाखाना गाठा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर वाट बघूच नका. जखमेतून पाणी येणं, ताप, आणि खाण्यात बदल नसताना चढलेली साखर, तिन्ही जंतुसंसर्गाच्या खुणा. ताप कधी येतही नाही, साखरच आधी बोलते.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. उन्हाळ्यात धाब्यावर झोपायची सवय असली तरी यंदा खालीच झोपा. शिडीच्या पायरीवर पाऊल नीट टेकलं की नाही, हे बधिर तळव्याला सांगता येत नाही.