एका बसथांब्यापासून सुरुवात: दिव्यांगांसाठी बससेवा सुधारून घेण्याची रीत

‘दिव्यांगांची बसमध्ये सोय करावी’ एवढंच लिहिलेला अर्ज फायलीत पडून राहतो. त्यापेक्षा एक थांबा निवडा आणि मोजा. पाच मीटरचा टेप, मोबाइल आणि सोबत एक व्हीलचेअर वापरणारी व एक अंध व्यक्ती. त्यांच्याशिवाय केलेली पाहणी अर्धीच.

फुटपाथ 150 मिलिमीटर उंच असेल तर 1:12 चढासाठी (एक भाग उंचीला बारा भाग लांबी) रॅम्प 1.8 मीटर लांब लागतो. बऱ्याच ठिकाणी तो दोन फुटांचा असतो. म्हणजे चढ 1:4, आणि चढताना खुर्ची मागे उलटते. गाड्या फुटपाथवर चढू नयेत म्हणून लावलेल्या अडवणुकीच्या खांबांत 900 मिलिमीटर तरी मोकळी जागा हवी. अंधांना पायाने वाट कळावी म्हणून बसवलेल्या पिवळ्या फरशाही पाहा: उभ्या पट्ट्या म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांबा. त्या उलट बसवलेल्या असल्या, किंवा ओळ विजेच्या खांबावर जाऊन आदळत असली, तर फोटो घ्या.

मग गर्दीच्या वेळी दोन तास बस पाहा. गाडीचा क्रमांक, वेळ, फुटपाथपासूनचं अंतर, बसचा रॅम्प उघडला का, थांब्याची घोषणा झाली का, हे सगळं लिहा. खरी गोम अंतरात असते. लो-फ्लोअर बसचा तळ रस्त्यापासून साधारण 400 मिलिमीटर उंच. बस फुटपाथला लागली तर 250 चढायचे उरतात. एक मीटरच्या रॅम्पवर हा चढ 1:4 होतो, मागून धरणारं कुणी असलं तर जमतं. रिक्षा उभ्या आहेत म्हणून बस रस्त्यातच थांबली, तर रॅम्प रस्त्यावर टेकतो, पूर्ण 400 चढावे लागतात आणि तोच चढ 1:2.5 होतो. तिथे दोघांनी ढकलूनही भागत नाही. ‘रॅम्प निरुपयोगी आहे’ या तक्रारीचं मूळ अनेकदा पार्किंगमध्ये असतं.

म्हणून अर्ज तीन: बसच्या रॅम्पची देखभाल आणि चालक-वाहकांचं प्रशिक्षण परिवहन उपक्रमाकडे, फुटपाथ पालिकेच्या पथ विभागाकडे, पार्किंग वाहतूक पोलिसांकडे. एकच अर्ज केला की तो तिघांत फिरत राहतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 41 मध्ये बसथांब्यांचा स्पष्ट उल्लेख आहे, तो प्रत्येक अर्जात घाला. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार वापरा: दहा रुपये, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. थांब्याच्या कामाचा कार्यादेश (ठेकेदाराला काम दिल्याचं पत्र) आणि मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही) प्रत मागा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. त्याच्या जोडीने पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. संस्थेलाही ती करता येते. आयुक्तांच्या शिफारशीवर काय केलं, हे संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत कळवावं लागतं.

काम सुरू झालं की ठेकेदाराचं बिल निघण्याआधी पुन्हा टेप लावा. रॅम्प 1:8 चा निघाला तर त्याच दिवशी अभियंत्याला फोटोसह लेखी कळवा. बिल निघाल्यावर तो फोडून घेणं फार अवघड जातं.