हिमालयातल्या फुलांची तिकिटं: चढणीच्या क्रमाने संग्रह कसा लावावा

आमच्या गच्चीतलं ब्रह्मकमळ पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री फुलायचं. शेजारचे बघायला यायचे, आई हळदकुंकू वाहायची. पुढे १९८२ सालचं ब्रह्मकमळाचं टपाल तिकीट हाती आलं आणि ओळखच पटेना. कुंडीत आपण लावतो ते मेक्सिकोकडचं निवडुंग. तिकिटावरचं हिमालयातलं, सूर्यफुलाच्या कुळातलं. फिकट हिरवट-पिवळ्या, कागदासारख्या पातळ पानांचा द्रोण आणि त्यात जांभळट फुलांचे गेंद. हेच उत्तराखंडचं राज्यफूल. त्या एका तिकिटापासून मी फुलांची तिकिटं जमवायला लागलो. तुम्हालाही सुरुवात करायची असेल तर मला जमलेली रीत सांगतो.

आधी हद्द आखून घ्या. नुसतं ‘फुलं’ म्हटलंत तर जगभरची हजारो तिकिटं अंगावर येतील. एकच डोंगर निवडा. मी उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातली फुलांची दरी, म्हणजे ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ निवडली. साडेसत्त्याऐंशी चौरस किलोमीटरचं हे क्षेत्र १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि २००५ मध्ये नंदादेवी राष्ट्रीय उद्यानाच्या जोडीने जागतिक वारशात गेलं. त्याच १९८२ साली टपाल खात्याने हिमालयातल्या फुलांची चार तिकिटं काढली: ३५ पैशांचं निळी खसखस म्हणजे ब्लू पॉपी, १ रुपयाचं पिवळं इन्युला, २ रुपयांचं कोब्रा लिली आणि २ रुपये ८५ पैशांचं ब्रह्मकमळ. संग्रहाचा कणा एवढाच. २००६ साली नीलकुरिंजीचंही तिकीट निघालं, नेमकं बारा वर्षांनी ती फुलली त्याच साली. मोह होतो, पण ती मुन्नारकडच्या डोंगरांची आणि आपल्या कारवीची नातलग. तिच्यासाठी निराळी वही करा.

आता खरेदी. जुनी तिकिटं टपालाच्या खिडकीवर मिळत नाहीत, त्यासाठी तिकीटविक्रेते आणि प्रदर्शनं गाठावी लागतात. नवी हवी असतील तर मोठ्या शहरांतल्या मुख्य टपाल कार्यालयात फिलाटेलिक ब्युरो, म्हणजे संग्राहकांसाठीचा तिकीट विभाग असतो. घेताना तिकीट उलटं करून बघाच. कोरं असेल तर डिंक सलग आहे का, हिंजची, म्हणजे तिकीट वहीत लावायच्या डिंकाच्या कागदी पट्टीची खूण आहे का, कागद कुठे विरळ झालाय का, तपकिरी ठिपके पडलेत का. चारी बाजूंचे दाते मोजायची गरज नाही, पण एकही तुटका नको. फर्स्ट डे कव्हर, म्हणजे तिकीट निघालं त्या दिवशीचा शिक्का असलेलं पाकीट, आणि तिकिटाबरोबर निघालेलं माहितीपत्रक मिळालं तर सोडू नका. पत्रकातला मजकूर पुढे पानं लिहिताना फार उपयोगी पडतो.

वापरलेलं तिकीट पाकिटावर असेल आणि पाकिटावर शिक्का, पत्ता, तारीख नीट दिसत असेल, तर ते सोडवूच नका. तिकीट खरोखर प्रवास करून आल्याचा तो पुरावा आहे. नुसता पाकिटाचा तुकडा असेल तरच भिजवा. कडेने सेंटिमीटरभर कागद ठेवून कापा आणि साध्या किंवा किंचित कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं सोडा. तिकीट आपणहून सुटतं. ओढलंत तर मागचा थर निघून येतो. मग स्वच्छ पाण्यातून काढून टिपकागदावर पालथं ठेवा आणि वाळत आलं की जाड पुस्तकाखाली दाबा. रंगीत पाकिटाचे तुकडे मात्र वेगळ्या वाटीत. एकदा घाईत लाल कागद सगळ्यांबरोबर टाकला आणि सहा तिकिटं गुलाबी झाली, ती आजही तशीच आहेत.

आता मला सर्वात प्रिय भाग: क्रम. अल्बममध्ये तिकिटं किमतीने लावायची पद्धत आहे. मी चढणीने लावतो. दरीच्या पायथ्याचं गाव घांगरिया, त्याच्या अलीकडे-पलीकडे दमट, सावलीचं रान, तिथे कोब्रा लिलीला पहिलं पान. झाडं मागे पडून उघडं कुरण लागलं की इन्युला. खडकांच्या खाचांत, दगडगोट्यांत निळी खसखस. आणि सगळ्यात वर, हेमकुंड साहिब गुरुद्वाऱ्याच्या वाटेवर चार हजार मीटरच्या आसपास ब्रह्मकमळ. त्यामुळे पानं उलटताना रान संपल्याचं, गारठा वाढल्याचं जाणवतं. दोन फुलांमध्ये एक रिकामं पान ठेवून त्यावर पेन्सिलीने उंची आणि वाटेचं साधं रेखाटन करा.

प्रत्येक पानावर दोन छोटे मजकूर पुरेत: एक फुलाचा, एक तिकिटाचा. शास्त्रीय नाव लिहिताना घाई नको. निळ्या खसखशीच्या बऱ्याच जाती आहेत. आपल्या तिकिटावरची मेकोनॉप्सिस अॅक्युलिआटा, म्हणजे काटेरी. तिच्या देठावर खरेच टोकदार काटे असतात. भूतानचं राष्ट्रफूल असलेली खसखस निराळी. दोन्ही निळ्या म्हणून एकाच पानावर आणू नका. आणि दरीतलं फूल दाबून तिकिटाशेजारी चिकटवायचा विचार कृपा करून सोडून द्या. राष्ट्रीय उद्यानातलं फूल तोडायला कायद्याने बंदी आहे, शिवाय वाळत्या पाकळीतला ओलावा आणि रंग तिकिटावर उतरतो. फोटो लावा.

तिकीट हाताने उचलू नका, चपट्या तोंडाचा चिमटा वापरा. कोऱ्या तिकिटांना माउंट, म्हणजे पारदर्शक खिसा, वापरलेल्यांना हिंज चालेल. सेलोटेप, फेविकॉल आणि लॅमिनेशन मात्र कधीच नाही. कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांनी वही आडवी न ठेवता पुस्तकासारखी उभी ठेवावी, नाहीतर वजनाने डिंक कागदाला धरतो. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. जून ते सप्टेंबर वही उगाच उघडू नका. दसऱ्यानंतर कोरड्या हवेत एकेक पान उलटून वारा द्या, आणि डाग पडलेलं तिकीट दिसलं तर त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळं काढा.