पासवर्ड बदलला, तरी तो आतच

शुक्रवारी संध्याकाळी ऐरोलीहून ठाण्याची लोकल पकडायला निघालो, तेवढ्यात फोन. क्लायंटच्या अकाउंट्समधल्या ताई. "सर, सप्लायर म्हणतो मेल पाठवलाय, मला एकही दिसत नाही." आमच्या ज्युनिअरने दुपारीच त्यांचा पासवर्ड बदलून तिकीट (तक्रारीची नोंद) बंद केलं होतं. परत फिरलो.

लॉगमध्ये, म्हणजे खात्याच्या वापराच्या नोंदींत, रात्री ९:४० चं लॉगिन. वाटलं, ताई घरून काम करत असतील. मग ट्यूब पेटली: लॉग यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आहेत! म्हणजे आपल्याकडे पहाटेचे ३:१०. (इतकी वर्षं झाली, तरी हे साडेपाच तास मला अजून चकवतात.)

ताईंनी खोट्या लॉगिन पानावर ओटीपी टाकला होता. चोराने पासवर्डसोबत सेशनचं टोकनही (पुन्हा पासवर्ड न विचारता आत ठेवणारी खूण) उचललं, ओटीपीसाठी स्वतःचा फोन जोडला आणि एक नियम लावला: 'इन्व्हॉइस' शब्द असलेला प्रत्येक मेल आरएसएस (वेबसाइट्सच्या फीडच्या) फोल्डरात. तिथे कोण कशाला बघतंय?

आधी लॉग आणि त्या नियमाची नक्कल जपली. मग खातं अडवलं, सगळी सेशन्स तोडली, परका फोन काढला, नियम उडवला आणि शेवटी नवा पासवर्ड. सप्लायरला मेल न करता थेट फोन लावला. 'आमचं बँक खातं बदललंय' हा त्याच्या नावाने आलेला मेल खोटा; खातं बदललेलंच नव्हतं! सोमवारचं पेमेंट थांबवलं.

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. अहवाल गेला तेव्हा पावणेबारा वाजले होते. ठाणे स्टेशनबाहेर वडापावची गाडी बंद.